मागच्या दारची बातमी

आत्याबाई,

आज तुमच्या नातीनं मला विचारलं, "मामी, तू कधीच हॉलमध्ये बसून बातम्या काहून पाहत नाही वं? स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्या काय ऐकत राहते?" सोफ्यावर तिनं माझ्यासाठी जागा करून ठेवली होती, उशीसुद्धा पाठीला नीट लावली होती. नागपूरच्या टोकाला, बेशातल्या आमच्या या फ्लॅटमध्ये आता भिंतभर टीव्ही आहे. त्यात एकाच वेळी सहा माणसं सहा चौकटींत बसून ओरडतात, एक दुसऱ्याचं ऐकत नाही, आणि मधला कोट घातलेला माणूस सगळ्यांहून मोठ्यानं ओरडतो. मेल्यांचे घसे कसे दुखत नाहीत, देव जाणे. सकाळी जी बातमी ताजी असते, तीच संध्याकाळी पण ताजी असते. आमच्या बेशाच्या रस्त्यावर केवढाले खड्डे आहेत, नळाला दोन दिवसांआड पाणी येतं, त्याचं कोणी नाव घेत नाही. पोरगी ऑफिसातून थकून येते, समोर बसते आणि पाहते. मी दारात उभी. आज तिनं विचारलंच. तिला काय सांगितलं ते शेवटी लिहीन. आधी तुमच्याशी बोलायचं आहे, कारण खरं उत्तर तुम्हाला आणि मलाच माहीत आहे, आणि तुम्ही तर कधीच्या गेलात.

आपल्या खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये टीव्ही आला तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासूला आत्याबाई म्हणायचं, सासऱ्यांना मामंजी, त्यांच्यासमोर पदर पडू द्यायचा नाही, समोरच्या खोलीत पुरुष बसले असतील तर पाऊल टाकायचं नाही, एवढं आईनं मला पारशिवनीहून निघताना घोकून दिलं होतं. टीव्हीचं मात्र तिनं काही सांगितलं नव्हतं, तिनं तो पाहिलाच नव्हता. मामंजी पॉवर हाऊसमध्ये होते, तुमचा मुलगाही तिथंच लागलेला. क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत पहिला टीव्ही आपला. लाकडी पेटी, तिला सरकणारी दोन दारं, दारांना कुलूप, आणि किल्ली मामंजींच्या करगोट्याला. पॉवर हाऊसच्या चिमणीची राख दिवसभर घरात पडत राहायची, पापडावर, गादीवर, पाण्याच्या माठावर. मामंजींना टीव्हीवर राखेचा कण खपत नसे. म्हणून रोज संध्याकाळी ते ड्यूटीवरून यायच्या आधी मी समोरच्या खोलीत जायची आणि ती पेटी ओल्या फडक्यानं पुसायची. इतकी वर्षं मी तो टीव्ही पुसला आत्याबाई, पण बंद असतानाच. मग फडकं पिळायचं आणि आत यायचं. आत तुम्ही असायच्या.

दोन खोल्यांच्या मध्ये फुलाफुलांचा पडदा होता. पलीकडे मामंजी खुर्चीवर, आजूबाजूच्या क्वार्टरांमधले लोक सतरंजीवर, पोरं पार टीव्हीच्या पायाशी. अलीकडे तुम्ही आणि मी, शेगडीवर चहाचं मोठं भगोनं. आम्हा दोघींना दिल्लीच्या बातम्या ऐकू यायच्या, दिसायचं ते पडद्याच्या फटीतून दिसेल तेवढंच. हिंदीत अमुक मंत्र्यांनी अमुक ठिकाणी उद्घाटन केलं, तमुक देशाचे पाहुणे विमानतळावर उतरले. कोनशिला, हार, विमानतळ. तुम्ही एकदा मला विचारलंत, "हे लोक विमानातून उतरूनच काहून राहतात वं? घरी कधी जातात?" मला इतकं हसू आलं की चहा उतू गेला, आणि पलीकडून मामंजी खेकसले. बातम्या सांगणारा बाप्या असला की तुम्ही पडद्याआडही डोक्यावरून पदर ओढायच्या. मी म्हटलं, "आत्याबाई, त्याला काही दिसत नाही." तुम्ही म्हणालात, "त्याले दिसत नसन, मले तर दिसते ना तो." बाई बातम्या सांगायला आली की मात्र तुमचा पदर ढिला व्हायचा. पडद्याच्या फटीतून तुम्ही तिच्या कानातलं पाहायच्या, आणि ती बोलत असली की मधूनच हळू आवाजात तिला म्हणायच्या, "अवो बाई, नागपूरचं सांग ना काही. सारी दुनिया सांगून राहिली, एक नागपूर तेवढं सोडून." नागपूरभर उजेड आपल्या चिमणीखालून जातो असं मामंजी छाती फुगवून सांगायचे. तुम्ही मला कानात सांगायच्या, "इकडून वीज जाते अन् तिकडून खबर येत नाई, हा कुठचा न्याय?"

तुमची खबर मागच्या दारानं यायची. ते लहानसं दार, समोर नाली, पलीकडे बाभळी, आणि उंबऱ्यावर तुम्ही. भाजीवाली, बोहारीण, लाकडं विकणारी, कोणी आलं की तुम्ही आधी पाणी द्यायच्या आणि मग सगळं काढून घ्यायच्या. कोराडीच्या देवळात गर्दी किती, कामठीच्या बाजारात तुरीची डाळ कशी, कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणत्या गावात विहीर आटली. एकाचं ऐकून तुम्ही कधी विश्वास ठेवला नाही. भाजीवालीनं सांगितलेलं बोहारणीला विचारून पाहायच्या, जुळलं तरच खरं. सगळ्यांत पक्का होता तो दूधवाला. फटफटीला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून तो गावागावचं दूध गोळा करायचा, आपल्या कॉलनीत घालायचा आणि तसाच पुढं नागपुरात, पार इतवारीपर्यंत जायचा. इतवारीच्या मागच्या गल्लीत तुमची लेक दिली होती. माझी ननंद. तिच्या घरीही तोच दूध घालायचा. त्यामुळे रोज सकाळी तुम्हाला तुमच्या लेकीची खबर मिळायची, काय जेवली, पाय सुजले का, सासू कशी बोलते. तिचाही निरोप दुसऱ्या दिवशी यायचा. एकदा तिनं दूधवाल्याबरोबर चिंचेची गोळी पाठवली होती, दुधाच्या मापात ठेवून, तुम्हाला चिडवायला. तुम्ही ती गोळी किती तरी दिवस तोंडात घोळवली.

त्या वर्षी तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. ओटी भरून झाली, तिच्या सासूनं अमावस्या जाऊ द्या म्हणून थांबवलं, आणि शेवटी सोमवार ठरला. सोमवारी तुमच्या मुलानं जाऊन तिला घेऊन यायचं. तुम्ही जुन्या साड्या फाडून, धुऊन, वाळवून त्यांची दुपटी केली होती, आणि त्यांच्यावर राख पडू नये म्हणून वर चादर झाकून ठेवली होती. शनिवारी सकाळी दूधवाला दूध घालून पुढं गेला तो परत आला, आणि कॅन जवळजवळ भरलेले. म्हणाला, "बाई, तिकडे काही बरोबर नाई. रात्री दगडं चालले. दुकानं बंद होऊन राहिले. मी अर्ध्यातून परत आलो." तुम्ही हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि सरळ समोरच्या खोलीत गेलात, मामंजींची दाढी चालू होती. "अहो, पोट्ट्याले आत्ताच धाडा. सोमवार नको. आज घेऊन येऊ द्या तिले." मामंजी आरशातूनच बोलले, "दूधवाल्याच्या बोलण्यावर? तो काय सरकार हाय? काही झालं असन तर संध्याकाळी बातम्यात येईनच. आजचा दिवस थांबून पाहू." तुम्ही म्हणालात, "रस्ता आज उघडा हाय." त्यांनी वस्तरा पुसला आणि म्हणाले, "अवो, रस्ता कुठं पळून चालला काय?"

त्या संध्याकाळी बातम्या लागल्या आणि घर गच्च भरलं. तुम्ही पडद्याला इतक्या खेटून उभ्या होत्या की पडद्याच्या कड्या वाजत होत्या. मी चहा गाळायचा थांबवला. तीच बाई होती, कानात तेच डूल. तिनं दिल्लीचं सांगितलं, परदेशाचं सांगितलं, कुठल्याशा पुलाचं उद्घाटन सांगितलं, खेळाचं सांगितलं, हवामान सांगितलं आणि नमस्कार केला. नागपूरचा न सुद्धा नाही. पलीकडून मामंजींचा मोकळा आवाज आला, "पाह्यलं? काहीच नाई. असतं तर आलं नसतं काय?" सगळ्यांनी माना हलवल्या असणार. टीव्हीवर आलं नाही म्हणजे झालं नाही, असं मानणारे मामंजी एकटे नव्हते, सगळी लाइन तशीच होती. त्यांना वाटायचं, एवढी महागाची पेटी, सरकारची बातमी, ती चुकेल कशी? तुम्ही पडदा सोडला आणि माझ्याकडं पाहिलंत. तुमचं तोंड उतरलेलं मी पहिल्यांदा त्या दिवशी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शहरात कर्फ्यू लागला, आणि ही बातमीही आपल्याला दूधवाल्यानंच दिली.

मग ते दिवस आत्याबाई, ते मला अजून गिळता येत नाहीत. चार भिंती, शेगडी, तुम्ही आणि मी. शहराच्या नाक्यावर पोलीस, बस बंद. दूधवाल्यांना तेवढं सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ आत सोडत होते. तो जायचा, तिच्या दारात दूध घालायचा आणि तिचा निरोप आणायचा. एका सकाळी त्यानं सांगितलं, "ताई म्हणते, आईले म्हणा काळजी करू नको. पण ये म्हणा." तुम्ही तिथंच त्याला म्हणालात, "मले घेऊन चाल. मागं बसतो मी, कॅनच्या मधात." तो बिचारा हात जोडून उभा राहिला, दुसरं माणूस दिसलं तर पोलीस दूधही ओतून टाकतात म्हणाला. तुम्ही मामंजींकडं गेलात. मी स्वयंपाकघरातून ऐकते आहे. ते म्हणतात, "कर्फ्यूत बाईमाणूस दुधाच्या गाडीवर जाईन? लोक काय म्हणतीन? अन् काल बातम्यात आलं ना आता, परिस्थिती नियंत्रणात हाय. शांत हाय सारं." एकच ओळ आली होती हो, विमानतळ आणि पूल यांच्या मध्ये. आणि तुमचा आवाज येतो, चढा, लाइनीत ऐकू जाईल असा. "शांत हाय तर मले जाऊ द्या. अन् शांत नाई तर तुम्ही असे शांत कसे बसले?" तरी त्यांनी जाऊ दिलं नाही. तुमच्या मुलानं सायकल काढली होती, नाक्यावरून त्याला परत धाडलं. तुम्ही आत येऊन दुपट्यांच्या घड्या उलगडल्या, परत घातल्या, परत उलगडल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, बसा जरा." तुम्ही म्हणालात, "बसूनच तर हावो वं माय. जन्मभर बसूनच हावो."

आणि मग ती संध्याकाळ. समोर बातम्यांची सुरावट वाजत होती, सगळे जमलेले. संध्याकाळी दूधवाला आपल्या दारात कधी येत नाही. मागं फटफटी थांबल्याचा आवाज आला आणि तुम्ही माझ्या आधी दारात पोचलात. तो उंबऱ्याच्या बाहेर उभा होता, टोपी हातात. म्हणाला, "पोट्टी झाली, बाई. पोट्टी चांगली हाय. शेजारीण घेऊन बसली हाय तिले." तुम्ही विचारलंत, "अन् तिची माय?" तो रिकाम्या कॅनचं झाकण लावत राहिला, लागलेलंच झाकण. मग हळूहळू सांगितलं. दुपारी कळा सुरू झाल्या. दाई दोन गल्ल्या पलीकडं, तिला निघू दिलं नाही. रक्त थांबलं नाही. त्याला पाणी द्यायला मला सांगितलंत, पदर नीट डोक्यावर घेतलात, पडदा बाजूला केलात आणि चालत समोरच्या खोलीत गेलात. सगळ्या पुरुषांच्या मधून. पोरं सरकली. तुम्ही टीव्हीसमोर उभ्या राहिलात आणि दोन्ही हातांनी ती लाकडी दारं त्या बातम्यावाल्या बाईच्या तोंडावर ओढून घेतलीत. बटणं आतच राहिली. त्यामुळे तिचा आवाज चालूच राहिला, लाकडामागून, कोणीतरी कुठंतरी विमानातून उतरत होतं. तुम्ही टीव्हीला पाठ लावलीत आणि म्हणालात, "आता माझ्याकडून ऐका बातम्या. नागपुरात आज दुपारी माझ्या लेकीले पोट्टी झाली. पोट्टी जिवंत हाय. माझी लेक गेली. दाई दोन गल्ल्यांवर होती, येऊ नाई शकली. शनिवारी रस्ता उघडा होता. झाल्या बातम्या." त्या मागच्या आवाजानं तेवढ्यात नमस्कार केला. मामंजी उठले, चालताना भिंतीला धरलं, आणि त्यांनी वायर ओढून काढली.

लेकीला तुम्ही शेवटचं पाहिलं नाही. तिला नेलं तेव्हाही आपण याच कॉलनीत, याच स्वयंपाकघरात. मी पोळ्या करते आहे, कोणी खात नाही. कर्फ्यू उठल्यावर तुमचा मुलगा गेला आणि ती मुठीएवढी पोर, सासरच्यांनी आपल्याकडं सोपवलेली, टॉवेलात गुंडाळून घेऊन आला, दुपट्यांवर अखेर तीच निजली. तेव्हा तुम्ही मामंजींपुढं हात केलात. फक्त हात. त्यांनी करगोट्याची किल्ली सोडून तुमच्या हातावर ठेवली, आणि ती तुमच्या कमरेला गेली ती कायमचीच. पेटी बंद. संध्याकाळ झाली की लोक सवयीनं यायचे, बंद दारांकडं बघायचे आणि उगीच खोकून निघून जायचे. मामंजींना मात्र मी वेगळं पाहिलं. ते रोज पहाटे मागच्या दारात येऊन उभे राहू लागले. दूधवाल्याला दबल्या आवाजात विचारायचे, "काय म्हणते गा नागपूर?" तो सांगेल ते पुरं ऐकायचे. मग पोरीला खांद्यावर घेऊन अंगणात फिरायचे. पोरीनंही जीव लावला त्यांना, आजोबांच्या हातानंच भरवून घ्यायची. तुम्ही ते उंबऱ्यातून पाहायच्या. एकदा मला म्हणालात, "त्या शनिवारचं हिले कधी सांगू नको. तिचा लय जीव हाय आजोबावर. जे गेलं ते गेलं, हाय ते नको जावाले." मामंजी गेले तेव्हा ती किती रडली, तुम्ही पाहिलंत. त्या दिवशी तरी सांगता आलं असतं, पण तुम्ही माझ्याकडं नुसतं पाहिलंत, आणि मी गप्प बसले.

आणि माझं. मला दिवस गेले आहेत हे मी पहिल्यांदा तुम्हालाच सांगितलं, आणि वाटलं होतं, घाव ताजा आहे, तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही मला जवळ ओढलंत आणि रागावलात. "इतके दिवस काहून लपवलं? थांबून पाहू म्हणणाऱ्याची वाट पाहू नको वं. कोणी बी असो. माझा पोट्टा असला तरी." पाचव्याच महिन्यात, ना ओटी ना मुहूर्त, तुम्ही माझी ट्रंक भरली आणि मला स्वतः पारशिवनीला पोचवायला आलात. लाइनीतल्या बायका हसल्या, सून पळवून लावली म्हणाल्या. एस.टी.त तुम्ही माझा हात धरून बसल्या होत्या, घट्ट, पुरा रस्ता. जन्मभर बसूनच हावो म्हणणारी बाई त्या दिवशी निघाली होती, हे मला उतरल्यावर समजलं. माझ्या आईला तुम्ही एवढंच म्हणालात, "घ्या, सांभाळा. तुमचा रस्ता उघडा हाय तोवर आणली." मी धडधाकट राहिले ती तुमच्यामुळे, हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही.

आता तुमची नात चाळिशीची बाई आहे, तुमच्यासारखीच तोंडाळ. समोरच्याच बिल्डिंगीत राहते, रोज येते. टीव्हीवर कुठल्याही शहराचं नाव घेऊन "परिस्थिती नियंत्रणात" म्हटलं की माझा हात आपोआप फोनकडं जातो. मुलाला करते, सुनेला करते, हिला करते. ती वैतागते, "मामी, मी तुझ्यासमोरच बसून आहो ना वं!" काय सांगू तिला? आणि तुम्हाला एक सांगायचं राहिलं, या फ्लॅटला मागचं दारच नाही. दूध पिशवीतून येतं, पिशवी दाराला अडकवून जाणारा पोरगा दिसतसुद्धा नाही. पुढून येईल तेवढंच यायचं, आणि पुढून ते सहा जण ओरडत असतात.

हे कागद टपालात टाकायचा प्रश्नच नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तुमची पत्रं मीच वाचून दाखवायची. तेव्हा हेही मीच वाचणार, ओट्याजवळ उभी राहून, हळू आवाजात. तुमची नात अजून बाहेर बसली आहे. मघाशी तिनं विचारलं, काहून येत नाही इकडं, तेव्हा मी म्हटलं, "गॅसवर दूध ठेवलं हाय, उतू जाईन." तिनं पटकन मानलं. गॅसवर काही नव्हतं, आत्याबाई. रोजच काही नसतं.